सावडीनं केलेला आढावा

दोन वाचकांमध्ये एकाही ठिकाणी मतभेद नाही, हे ऐकून डॉक्टर मानसिंग खोपडे खुर्चीत इंचभर उंच झाले आणि त्याच क्षणी समोर बसलेल्या सुलक्षणा शिळीमकरनं हातातला कागद घाईनं पालथा ठेवला.

फोन पुण्याहून होता. बोलत होत्या डॉक्टर जमीला मोमीन. वैद्यकीय संशोधनातले आकडे तपासणं हे त्यांचं काम, आणि त्यांचा आवाज असा खणखणीत, की फोन मानसिंगांच्या कानाला असला तरी खोलीतल्या प्रत्येकाला शब्द न् शब्द ऐकू यायचा.

"मानसिंगराव, मी कौतुक करत नाहीये, विचारतेय," बाई म्हणाल्या. "आमच्या घरात आम्ही दोघं नवराबायको एकाच पातेल्यातली आमटी खातो, पण तिच्यात मीठ कमी की जास्त यावर आमचं आजतागायत एकमत झालेलं नाही. तुमच्या दोघांनी जगभरातले पेपर वेगवेगळे बसून वाचले आणि एका आकड्याचाही फरक नाही? कसं काय?"

"मुलं हुशार आहेत, मॅडम."

"हुशार माणसं तर जास्तच भांडतात. त्यांना विचारा आणि मला कळवा." बाईंनी फोन ठेवला.

मानसिंगांना अजूनही हे कौतुकच वाटत होतं. ते हसत खाली पेशंट बघायला गेले. सुलक्षणानं शेजारच्या टेबलाकडं पाहिलं. तिथं आसिफ आतार पेनाचं टोपण चावत बसला होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

हे घडलं दोन हजार चार सालच्या मे महिन्यात, भोरमधल्या एका सेवाभावी दवाखान्याच्या माडीवर. विषय होता चिखल्यांचा. ज्याला चिखल्या माहीत नाहीत त्यानं भात नुसता खाल्लेला असतो, लावलेला नसतो. लावणीच्या दिवसांत बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाचरातल्या चिखलात उभ्या असतात. पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडते, भिजलेल्या कागदासारखी होते आणि मग फाटते. दुसऱ्या दिवशी तेच पाय परत त्याच चिखलात. मेंदी लावून बघतात, गरम तेल सोडून बघतात. लावणी संपते तरी चिखल्या संपत नाहीत. सुलक्षणाची आई धोंडाबाई गुंजवण्याला राहायची. श्रावण-भादव्यात ती टाचांवरच चालायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "भात खायचा तर हे असायचंच की." सुलक्षणाला लहानपणापासून या वाक्याचा मनस्वी राग होता. नर्सिंग शिकून ती भोरच्या दवाखान्यात लागली, पण हा राग तिनं बरोबर आणला होता.

चिखलात उतरण्याआधी बोटांमध्ये चोपडायचं एक साधं मलम होतं. ते उपयोगी पडतं का, याच्या चाचण्या ठिकठिकाणच्या भाताच्या मुलखांत झाल्या होत्या. कुणी म्हणे उत्तम, कुणी म्हणे पैसे पाण्यात. म्हणून डॉक्टर मानसिंगांनी पद्धतशीर आढावा घ्यायचं ठरवलं होतं. म्हणजे जगात या प्रश्नावर झालेल्या सगळ्या चाचण्या शोधायच्या, आवडत्या तेवढ्या नव्हे, सगळ्या. प्रत्येक चाचणी एकाच मापानं पारखायची आणि सगळ्यांचा मिळून काय कौल निघतो ते सांगायचं. यातली खरी गोम पुढं होती. काय शोधलं, कुठं शोधलं, काय घेतलं, काय टाकलं, हे सगळं असं लिहून ठेवायचं की उद्या कुणीही परका माणूस त्याच वाटेनं निघाला तर त्याच मुक्कामाला पोचला पाहिजे. तो भलतीकडंच पोचला, तर वाट दाखवणाऱ्याचं काहीतरी चुकलं.

यासाठीच दोन वाचक लागतात. प्रत्येक पेपर दोघांनी वाचायचा आणि त्यातले आकडे आपापल्या तक्त्यात भरायचे, पण एकमेकांकडं न बघता. मग तक्ते जुळवायचे. एकाची डुलकी दुसऱ्याला सापडावी, एवढाच त्यातला हेतू.

आढावा तयार झाला होता आणि मलमाच्या बाजूनं, अगदी काठावर का होईना, कौल निघाला होता. जूनच्या सुरुवातीला उपकेंद्रांना औषधं मंजूर करणारी समिती बसणार होती. समितीनं तो मानला तर लावणीच्या आधी भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या प्रत्येक उपकेंद्रात मलमाचे डबे येणार होते. नाही मानला तर विषय बारगळणार होता. आणि चिखल्यांसारखा विषय एकदा बारगळला की त्याची आठवण परत कुणाला येणार? चिखल्यांनी कुणी मरत नाही. नुसतं लंगडतं.

आता सुलक्षणानं कागद पालथा का ठेवला, ते ऐका.

फेब्रुवारीत पेपरांचे गठ्ठे आले. दोघांनी अगदी शहाण्यासारखी टेबलं लांब ओढली, मध्ये कपाट उभं केलं. पहिले काही दिवस ठीक गेले. मग आसिफची बहीण अम्रीन हिचं लग्न निघालं. मंडप, पाहुणे, आचारी, वडिलांची धावपळ. आसिफ येऊन बसायचा तो जांभया द्यायला. त्याचा गठ्ठा उंचच राहिला. सुलक्षणाचा मात्र भराभर उतरत होता. शेजाऱ्याचं खाचर अडून राहिलंय आणि आपण आपलं उरकून हात धुऊन बसलोय, हे गुंजवण्यात वाढलेल्या मुलीला बघवेल तरी कसं? तिकडं लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. एकट्यानं लावणी करणारा माणूस एकतर भांडकुदळ असतो नाहीतर वाळीत टाकलेला. सुलक्षणानं आसिफच्या गठ्ठ्यातले वरचे पेपर उचलले आणि आपल्याच तक्त्यातले आकडे त्याच्या तक्त्यात उतरवून टाकले.

आसिफ भोरचा, पण सावड त्यालाही कळत होती. लग्न पार पडलं, आणि राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून तयार करायला, सुलक्षणा गावी गेली, तेव्हा त्यानं फेड केली. आपले उरलेले पेपर वाचले आणि तेच आकडे तिच्याही तक्त्यात भरून ठेवले. ती परत आली तर काम तयार. वर अम्रीनच्या लग्नातली बालुशाही टेबलावर. दोघांनाही वाटलं, किती शोभेसं वागलो आपण! फसवायचं मनातही नव्हतं. फक्त दोन वाचकांचा एक वाचक झाला होता आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"ताई," आसिफ हळूच म्हणाला, "आपन एक करू. दोन-चार ठिकानी मुद्दाम फरक टाकू. म्हनू, हितं हितं आमचं पटत नव्हतं, मग चर्चा केली. बाई खूश. निकाल तर तोच ऱ्हातोय."

सुलक्षणानं कबूल केलं नसतं, पण क्षणभर तिला ते पटलं. लावणीला दिवस किती उरलेत? आईचे पाय तिच्या डोळ्यांसमोर आले. निकाल खरा आहे, मग वाटेत थोडं इकडंतिकडं झालं तर कुणाचं काय बिघडलं?

पण निकाल खरा आहे, हे तरी कशावरून? हा प्रश्न तिच्या मनात आला. एकानं चूक केली असेल तर ती दुसऱ्यानं इमानेइतबारे उतरवून ठेवली होती. तिनं फोन उचलला आणि पुण्याचा नंबर फिरवला. आसिफ हातानं नको नको म्हणत होता. तिनं त्याच्याकडं पाठ केली.

तिनं सगळं सांगितलं. लग्न, राब, बालुशाहीसकट. पलीकडं जमीलाबाई हसल्या, पण ते हसणं लवकर आटोपलं.

"म्हणजे तुम्ही आढाव्याची सावड केलीत! पोरी, मन चांगलं आहे तुमचं. पण माझ्या काट्यावर मन ठेवता येत नाही. हा आढावा मी समितीपुढं जाऊ देणार नाही."

"मॅडम, लावणी—"

"ऐकून घे. तुम्ही दोघांनी कोऱ्या तक्त्यांवर पुन्हा वाचायचं. एकमेकांचं तोंड बघायचं नाही. आणि तुमची लिहिलेली पद्धत मी माझ्याकडच्या अजहरला देते. सांगोल्याचा आहे, भाताचं खाचर त्यानं एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल तेवढंच. तो शोधण्यापासून सगळं परत करेल, तुम्हाला एक शब्द न विचारता. तिघं एकाच उत्तराला पोचलात तर समितीपुढं मी स्वतः भांडेन. नाही पोचलात, तर चिखल्या विसरायच्या."

मानसिंगांना कळलं तेव्हा त्यांनी आधी कपाळावर हात मारला, मग दवाखाना डोक्यावर घेतला. "माझ्या इभ्रतीचं काय?" हे त्यांनी निरनिराळ्या सुरांत विचारून पाहिलं. शेवटी थकून खाली बसले आणि म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं केलंस. बाईंनी शोधून काढलं असतं तर मला पुण्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती." आसिफला त्यांनी माडीवर ठेवलं आणि सुलक्षणाला गठ्ठा देऊन गुंजवण्याला पाठवलं. तिथं मोबाईलला रेंज नव्हती, ही त्या काळात अडचण असायची. यावेळी तोच फायदा होता.

घरी माळ्यावर तिनं चटई टाकली आणि पेपर मांडले. धोंडाबाईनं शिडीवरून डोकं वर काढलं.

"त्यो पोरगा आला न्हाई व्हय मदतीला?"

"आई, मदत घ्यायचीच नाही. मी एकटीनं वाचायचं, त्यानं एकट्यानं."

"भांडन झालं का?"

"नाही गं. मुद्दाम. दोघांचं वेगवेगळं करून मग ताडून बघायचं."

धोंडाबाईला हे अजिबात पटलं नाही. "म्हंजे दोघांनी येकच खाचर दोनदा लावायचं! शिकून शिकून ह्येच शिकलीस?" पण लेकीनं सांगितलंय म्हटल्यावर तिनं दारात बस्तान मांडलं. आळीतल्या बायका, "पोरगी दमली असंल, द्या हिकडं चार कागद, आमच्या पोरीला वाचाया येतं," म्हणत आल्या. सगळ्यांना तिनं ओट्यावरूनच परतवलं. "कुनी हात लावायचा न्हाई. तिला येकटीनं करायचंय. रीत हाय तशी." हे सांगताना तिचा चेहरा असा, की रीत जणू तिनंच घालून दिली होती.

एकटीनं वाचणं हे सुलक्षणाला वाटलं होतं त्याहून फार कठीण गेलं. पूर्वी शंका आली की कपाटाआडून "आसिफ, हे काय रे?" म्हटलं की झालं. आता शंका आली की ती आपल्याच छातीवर. सगळ्यात मोठी चाचणी ब्रह्मदेशातली होती. तिच्यात शेकड्यांनी माणसं होती, म्हणजे कौल कुठं झुकायचा ते पुष्कळसं तिच्यावरच ठरणार. पहिल्या वेळी हा पेपर लग्नाचा शीण उतरायच्या आत आसिफनं वाचला होता, आणि मलम लावणाऱ्यांनाच चिखल्या जास्त झाल्या, असं त्यानं भरलं होतं. तिला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण तिनं मूळ पेपर उघडलाच नव्हता.

आता उघडला. पहिल्या कोष्टकात मलमवाले आधी, बिनमलमवाले नंतर. पान उलटलं. दुसऱ्या कोष्टकाचं डोकं बारीक अक्षरात होतं आणि फोटोकॉपीत फिकट उमटलं होतं. तिनं कागद खिडकीपाशी धरला. इथं क्रम उलटा होता! बिनमलमवाले आधी. म्हणजे चिखल्या जास्त झाल्या त्या मलम न लावणाऱ्यांना.

तिला ओरडावंसं वाटलं. मग भीती वाटली. मला तसं दिसावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून तर दिसत नाही ना? आईच्या पायांकडं बघून मी वाचत नाहीये ना? तिनं तो कागद उपडा ठेवला, खाली जाऊन पाणी प्यायली, गोठ्यात जाऊन उगीच म्हशीला थोपटलं आणि परत येऊन पुन्हा वाचला. तेच दिसलं. जे दिसलं ते तिनं भरलं. पण आसिफला काय दिसेल, हे तिला कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीचा कंडक्टर चिमाजी घरापर्यंत चालत आला. भोरहून वेल्ह्याकडं कुणाचा डबा, कुणाची औषधं, कुणाचा निरोप नेणं हे त्याचं तिकिटं फाडण्याइतकंच महत्त्वाचं काम होतं. त्यानं खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. "आसिफनं दिलीया. म्हनला, ब्रह्मदेशाचं इचारलंय, जबाब घिऊनच ये."

ब्रह्मदेश! सुलक्षणाच्या हाताला अक्षरशः खाज सुटली. त्या चिठ्ठीत तिच्या भीतीचं औषध होतं. उघडायची, दोन ओळी लिहायच्या, आणि दोघं एका मुक्कामाला. तिनं चिठ्ठी घेतली आणि तशीच, न उघडता, चिमाजीच्या हातावर परत ठेवली.

"चिमाजीकाका, त्याला सांगा, वाचली नाही. आणि परत आणू नका."

"आगं, वाचून तरी बघ! येवढ्या उन्हात चालत आलोय म्या."

"म्हणूनच ताक पिऊन जा. पण चिठ्ठी नको."

चिमाजी ताक प्यायला, पण त्याचा चेहरा काही केल्या सरळ झाला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याचा निरोप असा कुणी फिरवला नव्हता. नसरापूरपर्यंत तो प्रत्येक उतारूला सांगत गेला, की शिळीमकरांची पोरगी आन् आताराचं पोरगं यांचं लई मोठं वाजलंय.

समितीच्या बैठकीच्या दिवशी भोरच्या दवाखान्यातलं लांब टेबल स्वच्छ पुसून मांडलं होतं. समितीचे अध्यक्ष आले, जमीलाबाई आल्या आणि त्यांच्यामागून काखोटीला जाडजूड फाईल मारून एक सडपातळ तरुण आला, तो अजहर. सुलक्षणा आणि आसिफ समोरासमोर बसले. इतक्या दिवसांनी भेटूनही दोघं एकमेकांशी बोलेनात, न जाणो नियमात बसतं की नाही.

अध्यक्षांना घाई होती. "मॅडम, चिखल्या हा काही रोग आहे का? आमच्या आज्याही चिखलातच होत्या."

"त्या कशा चालायच्या, आठवतंय?" जमीलाबाईंनी विचारलं. अध्यक्षांनी घड्याळाकडं बघणं थांबवलं. ते आठवत असावेत.

बाईंनी तिघांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर सुलक्षणा चुकलेली निघाली. श्रीलंकेतली एक चाचणी तिनं घेतली होती. तिच्यात भात लावणारे नव्हतेच, गटारं साफ करणारे मजूर होते, आणि पद्धतीत तर स्पष्ट लिहिलं होतं, फक्त भातशेतीतली माणसं. आसिफ आणि अजहर दोघांनीही ती टाकली होती. तिनं कान पकडले. पुढं आणखी एक फरक निघाला, मग आणखी एक. मानसिंग रुमालानं मान पुसत होते. प्रत्येक फरकागणिक त्यांचा चेहरा उतरत होता आणि, गंमत अशी, की जमीलाबाईंचा खुलत होता.

मग ब्रह्मदेश आला.

"आसिफ म्हणतो, मलमवाल्यांना चिखल्या जास्त. सुलक्षणा म्हणते, मलमवाल्यांना कमी. बरोब्बर उलट," बाई म्हणाल्या. "आणि अजहर..." त्यांनी मुद्दाम चष्मा पुसला असावा, नाहीतर एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. "अजहर म्हणतो, कमी."

सुलक्षणानं टेबलाची कड घट्ट धरली.

"बहुमत नाही चालायचं," बाई म्हणाल्या. "तुमच्याच पद्धतीत लिहिलंय, फरक निघाला तर मूळ पेपर उघडायचा. आसिफ, तूच वाच."

आसिफनं पान उलटलं. फिकट अक्षरांवर बोट ठेवून तो पुटपुटत वाचू लागला. अर्ध्यातच त्याचं बोट थांबलं. त्यानं पान मागं उलटलं, पुढं उलटलं. मग कपाळावर अशी चापट मारली की अध्यक्ष दचकले.

"क्रम बदललाय! हितं खाली मलमवाले हायत!" तो सुलक्षणाकडं वळला. "ताई, पयल्या खेपेलाबी म्याच उलटं भरलं हुतं. अम्रीनच्या लग्नाच्या शिणात. आन् तुझ्या तक्त्यात मीच उतरवलं. आताबी डोक्यात तेच बसल्यालं. शंका आली म्हनून तर चिठ्ठी धाडली... तू ती उघडली असतीस, तर तुझं आकडं वाचून मी नुसतं व्हय म्हनलो असतो. न्हाईतर तू माझ्याकडं बघून बदललं असतंस."

"आणि मग आम्ही कुणीच विश्वास ठेवला नसता," जमीलाबाई म्हणाल्या. त्यांचा खणखणीत आवाज आता मऊ झाला होता. "मुलांनो, मदतीनं तुम्ही आपल्याच बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार उलटा उभा केला होता. म्हणून तुमचा कौल काठावर होता."

अजहरनं घसा साफ केला. बोलायला तो मुळात लाजाळू होता. "मला एक पेपर जास्तीचा सापडला, यांना मिळाला नव्हता. लहान आहे, आणि मलमाच्या विरोधात आहे. तोही धरला मी."

मानसिंगांनी डोळे मिटून घेतले.

"धरून?" अध्यक्षांनी विचारलं. पहिल्यांदाच ते पुढं झुकून ऐकत होते.

"धरूनही मलम लावणाऱ्यांत चिखल्या जवळजवळ निम्म्यावर येतात. यांनी जिथं जिथं शोधलंय तिथं शोधलं, जे लिहिलंय तेच केलं. वाट बरोबर आहे, सर. मी भात लावणारा नाही, मला मलमाचं काही सोयरसुतक नाही. तरी मी तिथंच पोचलो."

जमीलाबाईंनी तिन्ही तक्ते एकावर एक ठेवून टेबलावर आपटून सारखे केले. "आधी हा आढावा माझ्याकडं एकमतानं आला होता, तेव्हा मी तो परत पाठवला. आज भांडून आलाय. आज मी सही करते." त्यांनी सही केली आणि कागद अध्यक्षांपुढं सरकवला. अध्यक्षांनी विचारलं ते एवढंच, "डबे लावणीच्या आधी पोचले पाहिजेत ना?"

सुलक्षणाला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. मानसिंग तर जिन्यावरून ओरडतच खाली गेले. बाहेरच्या पेशंटना काही कळेना, पण डॉक्टर एवढे खूश आहेत म्हणजे आज फी माफ असावी, या आशेनं तेही हसू लागले.

डबे आले. लावणी आली. गुंजवण्यात बायका पहाटे ओट्यावर एका ओळीत बसत आणि एकमेकींच्या बोटांत मलम चोपडत. या सावडीला कुणाची हरकत नव्हती. धोंडाबाईचा पहिले काही दिवस विश्वास नव्हता. नंतर मात्र एखादी बाई मलम न लावता खाचराकडं निघाली, की ती तिला हात धरून मागं ओढायची. "बस हितं. तीन जनांनी तीन जागी बसून वाचलंया, उगा न्हाई."

भादव्यात गौरी आल्या. सुलक्षणा सुट्टी काढून घरी आली. आसिफला आणि नवऱ्यासह माहेरी आलेल्या अम्रीनलाही तिनं जेवायला बोलावलं होतं. चिमाजीच त्यांना एसटीतून घेऊन आला. दोघांचं भांडण मिटवलं ते आपण, असं तो गाडीभर सांगत आला होता. जेवणं झाली, बायका अंगणात जमल्या आणि फुगड्या सुरू झाल्या.

सुलक्षणा दाराला टेकून उभी होती. तिला आठवत होतं तेव्हापासून गौरीच्या खेळात आई भिंतीकडेला बसून टाळ्या वाजवायची. आज भिंतीकडेची जागा रिकामी होती. तिनं शोधलं तर धोंडाबाई अंगणाच्या मध्यभागी उभी. लुगड्याचा काष्टा घट्ट, पाय उघडे. सुलक्षणा चेहऱ्याकडं बघेचना, ती पायांकडं बघत राहिली. बोटांमधली कातडी कोरडी होती, शाबूत होती. टाचा नव्हे, अख्खं पाऊल जमिनीवर टेकलेलं होतं.

"बघत काय ऱ्हायलीस?" धोंडाबाईनं दोन्ही हात पुढं केले. "वाचायचं ते येकटीनं वाचलंस, म्या कुनाला आत येऊ दिलं न्हाई. पर फुगडी येकटीनं न्हाई व्हत. ये हितं!"

सुलक्षणा धावली. मायलेकींनी हात गुंफले, पाय जुळवले आणि आईनं असा वेग धरला की लेकीलाच म्हणावं लागलं, "आई, हळू! हळू की गं!"